मांजर आणि नाताळचे झाड

कावेरीच्या खोऱ्यातील कुंभकोण हे नगर देवळांमुळे, बारा वर्षांनी येणाऱ्या महामहामच्या पर्वणीमुळे आणि पितळेच्या भांड्यांमुळे ओळखले जाते. तंजावरच्या भोसले राजांच्या मुलखात ते मोडत असे, त्यामुळे मराठी वाचकालाही ते परके नाही. या देवळांच्या गावाला एक ख्रिस्ती अंगही आहे. १८९९ साली पाँडिचेरीपासून वेगळा काढून कुंभकोणचा स्वतंत्र कॅथलिक धर्मप्रांत स्थापन झाला. तेव्हापासून हे गाव बिशपचे पीठ आहे. डिसेंबर उजाडला की ख्रिस्ती वस्तीत ओट्यांवर कागदी चांदण्या लोंबू लागतात, बैठकीच्या खोलीत येशूजन्माची गव्हाण मांडली जाते आणि अनेक घरांत तिच्या शेजारी सजवलेले झाडही उभे राहते.

याच घरांतून मांजरही असते. भाताच्या कोठारांचा हा प्रदेश, आणि जेथे धान्य तेथे उंदीर व उंदरामागे मांजर, हा क्रम फार जुना आहे. वर्षातील अकरा महिने मांजर आणि घर यांचे नीट जमते. बाराव्या महिन्यात झाड घरात आले की तंटा सुरू होतो. झाड कोसळते, काचेचे गोळे फुटतात आणि मांजराला मार बसतो. यात नुकसान केवळ शोभेचे झाले तर ते सोसता येते; परंतु झाडावरील एखादी चकचकीत पट्टी पोटात गेल्याने मांजर दगावते, तेव्हा सणाच्या घरावर विरजण पडते. हे टाळणे अवघड नाही. त्यासाठी मांजराच्या स्वभावाची आणि झाडाच्या तोलाची थोडी ओळख मात्र हवी.

झाड कोठून आले

सजवलेल्या झाडाची चाल जर्मन भाषिक प्रदेशातली. स्ट्रासबुर्ग नगरात १६०५ साली लोक आपल्या घरात फरचे झाड आणून त्यावर कागदी गुलाब, सफरचंदे व गोड वड्या टांगीत, असे वर्णन उपलब्ध आहे. इंग्लंडात ही चाल रुळली ती मुख्यतः राणी व्हिक्टोरिया आणि तिचा जर्मन पती आल्बर्ट यांच्यामुळे. १८४८ साली एका सचित्र लंडन साप्ताहिकात राजकुटुंबाचे झाडाभोवतीचे चित्र छापून आले, आणि मध्यमवर्गाने ते अनुकरणीय मानले. झाडावर प्रथम मेणबत्त्या लावीत. १८८२ साली न्यूयॉर्कमध्ये एडिसनचा सहकारी एडवर्ड जॉन्सन याने आपल्या घरच्या झाडावर विजेचे लहान दिवे लावले. आजच्या दिव्यांच्या माळांचा तो आरंभ होय.

कावेरीच्या सपाट, उष्ण प्रदेशात फर उगवत नाही. दक्षिण भारतात त्याची जागा बहुधा सुरूच्या फांदीने घेतली. सुरूला तमिळमध्ये ‘सवुक्कु’ म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पूर्व किनाऱ्यावर जळणासाठी त्याची मोठ्या प्रमाणावर लागवड झाली. मांडवाचे आणि बांधकामाच्या पराचीचे खांब म्हणूनही त्याचा उपयोग होतो. दिसायला सुरू सूचिपर्णी वाटतो, पण तो तसा नाही. तो सपुष्प वृक्ष आहे. ज्यांना लोक त्याच्या सुया समजतात त्या वस्तुतः बारीक हिरव्या डहाळ्या असून, खरी पाने त्यांच्या पेरांवर खवल्यांसारखी चिकटलेली असतात. या डहाळ्या लवचिक असल्यामुळे वाऱ्याची झुळूक आली तरी सारी फांदी हलते. मांजराच्या दृष्टीने हीच गोष्ट महत्त्वाची ठरते. अलीकडे कुंड्यांतील अरोकेरिया आणि प्लास्टिकची घडीची झाडेही बाजारात मिळतात. त्यांचे गुणदोष पुढे येतील.

मांजर झाडावर का चढते

महाबलीपुरम येथील सातव्या शतकातील प्रचंड शिल्पपटावर एक मांजर मागल्या पायांवर उभे राहून, पुढले पाय डोक्यावर नेऊन तपश्चर्या करताना दाखविले आहे. त्याच्या पायाशी उंदीर निर्धास्त बसले आहेत. ढोंगी तपस्व्याची ही थट्टा असली तरी शिल्पकाराने मांजराची एक खरी गोष्ट टिपली आहे. ती म्हणजे त्याचे दीर्घकाळ निश्चल राहून लक्ष ठेवणे. मांजर हा दबा धरून, एकट्याने शिकार करणारा प्राणी आहे. त्याचे पूर्वज पश्चिम आशिया व उत्तर आफ्रिका येथील रानमांजर. सायप्रस बेटावर माणसाच्या शेजारी पुरलेल्या मांजराचा सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचा सांगाडा सापडला असून त्याची माहिती २००४ साली प्रसिद्ध झाली. एवढ्या सहवासानंतरही मांजराची शिकारीची यंत्रणा फारशी बदललेली नाही.

या यंत्रणेची साधने पाहिली म्हणजे झाडाचे आकर्षण उलगडते. मांजराचा डोळा रंगांत, विशेषतः तांबड्या रंगात, दुबळा असतो. उलट मंद उजेड आणि हालचाल यांबाबत तो अत्यंत तरबेज असतो. माणसाला लागणाऱ्या प्रकाशाच्या सुमारे एक षष्ठांश प्रकाशात त्याला दिसू शकते. कानाला चौसष्ट हजार कंपनांपर्यंतचा आवाज कळतो. माणसाची मर्यादा वीस हजारांच्या आसपास आहे. उंदराची किचकिच ऐकण्यासाठी निसर्गाने दिलेला हा कान पातळ झिरमिळ्यांची सळसळही टिपतो. मांजर दिवसातील बारा ते सोळा तास झोपते आणि पहाटे व तिन्हीसांजेला सर्वांत उत्साही असते. म्हणजे घरातील माणसे झोपलेली असतात किंवा दिवे नुकतेच लागलेले असतात, तीच मांजराची शिकारीची वेळ.

अशा प्राण्यापुढे एका सकाळी अचानक झाड उभे राहते. त्याला बाहेरच्या मातीचा आणि पाखरांचा वास आहे. त्याच्या डहाळ्या हलतात. त्यावर पाखराएवढे गोळे डोलतात आणि पंजा मारला की ते परत येतात. शिवाय ते उंच आहे, आणि उंच जागा म्हणजे मांजराचा गड. तेथून खालचे सर्व दिसते आणि खालून कोणी येत नाही. सारांश, पाहावे, ऐकावे, झडप घालावी व चढावे, अशा चारही प्रेरणांना एकाच वेळी आवाहन करणारी दुसरी वस्तू घरात सहसा येत नाही. त्यातच तमिळनाडूच्या या भागात ऑक्टोबर ते डिसेंबर हा ईशान्य मोसमी पावसाचा काळ असतो. महाराष्ट्रात डिसेंबर कोरडा असतो. येथे तो बऱ्याचदा भिजलेला असतो. एरवी परसात आणि कौलांवर फिरणारे मांजर पावसामुळे घरात कोंडलेले असते आणि त्याची साठलेली ऊर्जा नेमकी झाडावर खर्च होते.

चढणे सोपे, उतरणे कठीण, हीही मांजराच्या शरीराची एक मर्यादा आहे. त्याची नखे मागे वळलेली असल्यामुळे वर जाताना ती सालीत रुततात. डोके खाली करून उतरताना मात्र त्यांची पकड बसत नाही. म्हणून मांजर झाडावर अडकते, धडपडते आणि शेवटी उडी टाकते. झाड बहुधा या उडीच्या धक्क्याने पडते.

अडकलेल्या मांजराला मानगुटीस धरून ओढण्याचा मोह होतो. तो आवरावा. वैष्णव तत्त्वचिंतनात, आणि कुंभकोण हे तर वैष्णवांचे एक प्रमुख क्षेत्र, ‘मार्जारन्याय’ प्रसिद्ध आहे. मांजरी पिलाला तोंडात धरून नेते. पिलू काहीच करीत नाही. तसा भक्त ईश्वरावर भार टाकतो, असे तेन्कलै पंथ म्हणतो. वडकलै पंथ आईला घट्ट धरणाऱ्या माकडाच्या पिलाचा दाखला देतो. मार्जारन्यायातील निरीक्षण अचूक आहे, कारण मानगूट धरताच पिलाचे अंग सैल पडते. परंतु हे पिलापुरते खरे. वाढलेल्या मांजराचे सारे वजन मानेच्या कातड्यावर आले तर त्याला वेदना होतात आणि ते भिऊन ओरबाडते. एक हात छातीखाली व दुसरा मागल्या पायांखाली देऊनच त्याला उतरवावे.

तोलाचे गणित

झाड पडणार की उभे राहणार, हे मांजराच्या खोडसाळपणावर अवलंबून नसते. ते बैठकीवर अवलंबून असते. याचा धडा देणारे खेळणे कुंभकोणपासून सुमारे चाळीस किलोमीटरांवरील तंजावरातच तयार होते. मान डोलावणाऱ्या बाहुल्यांप्रमाणेच तेथे गोल बुडाची एक बाहुली करतात. तिला कितीही आडवे करा, ती पुन्हा उभी राहते. कारण तिचे जवळजवळ सर्व वजन बुडाशी एकवटलेले असते. नाताळच्या झाडाची रचना याच्या अगदी उलट असते. बूड हलके, दागिने वर.

एक हिशेब करून पाहू. मांजराचे वजन चार किलो आहे आणि ते खोडापासून तीस सेंटिमीटर बाहेर असलेल्या फांदीवर बसले आहे, असे मानू. बैठकीची त्रिज्या पंधरा सेंटिमीटर असेल तर मांजर बैठकीच्या कडेपलीकडे पंधरा सेंटिमीटर लोंबते. झाडाला कलंडविणारा जोर चार गुणिले पंधरा, म्हणजे साठ. त्याला विरोध करणारे झाड व बैठक यांचे एकूण वजन तीन किलो असेल, तर त्याचा जोर तीन गुणिले पंधरा, म्हणजे केवळ पंचेचाळीस. झाड पडणारच. आता त्रिज्या वीस सेंटिमीटर आणि एकूण वजन पंधरा किलो करा. कलंडविणारा जोर चार गुणिले दहा, म्हणजे चाळीस. सावरणारा जोर पंधरा गुणिले वीस, म्हणजे तीनशे. मांजर उडी मारते तेव्हा त्याचा धक्का वजनाच्या कित्येक पट असतो. म्हणून एवढी शिल्लक चैनीची नव्हे, आवश्यक समजावी.

कुंभकोणच्या घरात हे साधणे सोपे आहे. रुंद तोंडाचे जाड पितळी घंगाळ घ्यावे, त्यात खोड मधोमध उभे करून नदीची ओली वाळू ठासून भरावी आणि वर दोन-तीन धोंडे ठेवावेत. दहा लिटर वाळू सहज पंधरा किलो भरते. घंगाळाचे तोंड जाड कापडाने झाकावे, नाहीतर मांजर वाळूचा आपल्या पद्धतीने उपयोग करील. जुन्या धाटणीच्या घरात झोपाळ्यासाठी तुळईला लोखंडी कड्या असतात. तेथून सुती दोरी घेऊन झाडाचा शेंडा सैलसर बांधला की पडण्याचे भय जवळजवळ संपते. दोरी ताणलेली आणि टोक बंद गाठीत असावे. लोंबणारे टोक म्हणजे मांजराला नवे खेळणे.

खरा धोका कोठे आहे

पडलेले झाड पुन्हा उभे करता येते. पोटात गेलेला धागा मात्र प्राण घेऊ शकतो. मांजराच्या जिभेवर आतल्या बाजूस वळलेले काटे असतात. त्यांच्यामुळे ते हाड खरवडून खाते आणि अंग विंचरते. पण याच काट्यांमुळे तोंडात आलेली लांब वस्तू त्याला थुंकता येत नाही. ती आतच सरकत जाते. बेगडी झिरमिळी, रेशमी फीत, शिवणाचा दोरा, या सर्वांचा धोका सारखाच. अशा वस्तूचे एक टोक जिभेखाली किंवा जठराच्या मुखाशी अडकते आणि उरलेला भाग आतड्यात उतरतो. आतडे तो पुढे ढकलू पाहते, परंतु टोक सुटत नाही. परिणामी नाडीत ओवलेल्या लेंग्याप्रमाणे आतड्याला चुण्या पडतात आणि ताणलेला धागा आतड्याची भिंत कापतो. शस्त्रक्रियेवाचून बहुधा इलाज नसतो.

मांजर वारंवार ओकते, खाणे सोडते, कोपऱ्यात दडते, पोटाला हात लावू देत नाही, ही लक्षणे सणाच्या दिवसांत दिसली तर वाट पाहू नये. तोंडातून किंवा गुदद्वारातून धागा लोंबताना दिसला तरी तो ओढू नये; आत ताण पडून आतडे फाटण्याचा संभव असतो. लोंबणारे टोक कापूही नये, म्हणजे धागा कोठे अडकला आहे हे डॉक्टरांना पाहता येते. मांजराला टोपलीत घालून तत्काळ पशुवैद्याकडे न्यावे. तंजावर जिल्ह्यात ओरत्तनाडु येथे २०१२ सालापासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. जवळच्या दवाखान्याचा पत्ता व वेळा नाताळपूर्वीच भिंतीवर लिहून ठेवणे हे शहाणपणाचे.

झिरमिळ्या पूर्वी शिशाच्याही करीत. शिशाची विषबाधा लक्षात आल्यावर अमेरिकेत १९७२ पासून त्या बंद झाल्या. आजच्या झिरमिळ्या प्लास्टिकच्या असतात. विष गेले, धाग्याचा गुण मात्र राहिला. म्हणून मांजर असलेल्या घरात झिरमिळी झाडावर मुळीच लावू नये, हाच सरळ नियम.

दुसरा धोका विजेचा. भारतातील घरगुती वीज २३० व्होल्टची असते आणि दिव्यांच्या स्वस्त माळांचे वेष्टन पातळ असते. पिलू ते सहज चावते. त्याने तोंड भाजते; काही तासांनी फुप्फुसांत पाणी साठून श्वास अडतो. म्हणून धक्का बसलेले मांजर वरवर सावरलेले दिसले तरी त्याला दाखवून आणावे. मात्र त्याला हात लावण्यापूर्वी मुख्य बटण बंद करावे. माळेची तार खोडाला घट्ट वेटाळावी, जमिनीवरचा भाग नळीतून न्यावा आणि निजताना माळ काढून टाकावी. वाळलेला सुरू उत्तम जळण आहे, हे विसरू नये. सणाच्या शेवटी काटकीसारख्या झालेल्या झाडावर तापलेला दिवा लोंबत ठेवणे माणसांनाही धोक्याचे आहे.

काचेचे गोळे पावलात घुसतात. चॉकलेट व कांदा घातलेले पदार्थ मांजराला बाधतात. बेदाणे घातलेला केकही त्याच्यापासून दूर ठेवावा. फुलदाणीतील खऱ्या लिलीचे पराग अंगावरून चाटले गेले तरी मांजराचे मूत्रपिंड निकामी होऊ शकते, म्हणून ती फुले घरात आणूच नयेत. झाडाला सुगंध यावा म्हणून तेले शिंपडण्याची प्रथा काही ठिकाणी आहे; मांजराच्या यकृताला अशा कित्येक द्रव्यांचा निचरा करता येत नाही. अरोकेरियाची कोवळी टोके चावल्याने उलट्या होतात. प्लास्टिकच्या झाडाचे तुकडे पचत नाहीत. सुरूच्या डहाळ्या गळून पडतात, त्या रोज झाडून काढाव्यात.

गव्हाणीतील पाहुणा

तमिळ ख्रिस्ती घरात गव्हाणीला झाडाहून अधिक मान असतो. वाळू, पेंढा, मातीची जनावरे आणि मध्ये बाळ येशूची मूर्ती अशी ती रचना असते. शेजारच्या हिंदू घरांत नवरात्रात पायऱ्यांवर मातीच्या बाहुल्यांचा ‘कोलु’ मांडतात. तेथेही मांजराचा प्रश्न हाच असतो. पेंढा घातलेला, तीन बाजूंनी बंद, उबदार कोपरा दिसला की मांजर त्यात शिरून झोपते, कारण जंगलात अशीच जागा सुरक्षित असते. मूर्ती बाजूला लोटल्या जातात, त्या हेतुपुरस्सर नव्हेत. यावरचा उपाय सोपा आहे. गव्हाणीजवळच, थोड्या उंचीवर, जुन्या पातळाचा तुकडा घातलेले खोके मांजरासाठी ठेवावे. त्याला स्वतःची जागा मिळाली की दुसऱ्याची जागा बळकावण्याचे कारण उरत नाही. मूर्ती तळाशी ओल्या मातीने फळीला चिकटवून वाळू द्याव्यात.

मांडणीचा क्रम

झाड एका दिवसात सजवून पुरे करण्याची घाई करू नये. प्रथम उघडे झाड बैठकीत रोवून दोन-तीन दिवस तसेच ठेवावे. मांजर त्याला हुंगेल, गाल घासून त्याला आपला वास देईल आणि नावीन्य ओसरले की बरेचसे दुर्लक्षही करील. त्यानंतर दिवे लावावेत. शेवटी दागिने टांगावेत. खालच्या तिसऱ्या भागात कापडी, कागदी, लाकडी वस्तू लावाव्यात आणि त्या तारेच्या आकड्यांनी न अडकवता दोऱ्याने फांदीला आवळून बांधाव्यात. काच हवीच असेल तर ती वरच्या भागात खोडाजवळ लावावी. झाडाशेजारी कपाट किंवा खुर्ची ठेवू नये. ती उडीची पायरी होते. बुडाशी संत्र्याच्या साली ठेवल्या तर बहुतेक मांजरे तो वास टाळतात. रात्री खोलीचे दार लावून घ्यावे.

याबरोबरच मांजराला त्याचे काम द्यावे. तिन्हीसांजेला दहा-पंधरा मिनिटे काठीला बांधलेले पीस त्याच्यापुढे नाचवावे, ते त्याला पकडू द्यावे आणि लगेच जेवण घालावे. शिकार, भक्षण, झोप हा त्याचा नैसर्गिक क्रम पुरा झाला की ते झाडाकडे वळत नाही. खेळ संपताच ती काठी उचलून ठेवावी. चढण्यासाठी काथ्या गुंडाळलेला एक खांब खिडकीपाशी उभा केला तर फारच उत्तम.

मारण्याने मात्र काही साधत नाही. मांजर शिक्षेचा संबंध झाडाशी जोडत नाही; ते तो मारणाऱ्या माणसाशी जोडते. मग माणूस खोलीत असेपर्यंत ते शांत राहते आणि तो बाहेर गेला की पुन्हा चढते. वर्षभर जमवलेला विश्वास चार दिवसांत जातो आणि झाड पडायचे ते पडतेच.

कुंभकोणच्या घरात फर नव्हता, म्हणून माणसांनी सुरू आणला. लोखंडी बैठक नव्हती, म्हणून घंगाळात वाळू भरली. बाहेरून आलेल्या प्रथेला घराच्या मापाने बेतून घेण्याची ही जुनी रीत आहे. मांजर हेही त्या घराचे एक माप आहे. डिसेंबरच्या आरंभी झाड आणण्यापूर्वी घरात कोण राहते याचा विचार झाला, तर तीन राजांच्या सणापर्यंत, म्हणजे ६ जानेवारीपर्यंत, झाड उभे राहते, गव्हाण शाबूत राहते आणि मांजरही आपल्या खोक्यात निवांत झोपते.